तंबाखूने घडवलेली सुरी

गेल्या दिवाळीत माझा भाचा ओसाकाहून आला. तिकडे तो नोकरीला आहे. बॅगेतून चॉकलेटं निघाली, मुलांसाठी कागदी पंखे निघाले आणि सगळ्यात शेवटी कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेला एक लांबट खोका निघाला. मी हात पुढे केला, तर त्याने खोका मागे घेतला.

"मावशी, हे तुला. पण आधी एक रुपया दे."

"रुपया कशाला रे?"

खोक्यात सुरी होती. जपानमध्ये सुरी नुसती भेट दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यातला धागा तुटतो असा एक समज आहे, म्हणून घेणाऱ्याने नाणं द्यायचं. म्हणजे ती भेट राहत नाही, खरेदी होते. बहुधा पाच येनचं नाणं देतात, कारण 'पाच येन' आणि 'ऋणानुबंध' हे दोन्ही शब्द जपानीत 'गोएन' असेच उच्चारले जातात. आमच्या सासूबाई धारवाडच्या. त्यांनी हे ऐकलं, देवापुढच्या डबीतून रुपया काढला, भाच्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "नम्म कडेनू हंग." आमच्याकडेही तसंच. खरंच आहे. आपल्याकडेही सुरी-कात्री कुणी हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची.

सुरी सोळा-साडेसोळा सेंटिमीटर पात्याची. मूठ साध्या पांढरट लाकडाची, आठ कोनांची, वजनाला अगदी हलकी. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे म्हशीच्या काळ्या शिंगाचं कडं. पात्यावर छिन्नीने कोरलेली दोन-तीन अक्षरं, घडवणाऱ्याच्या नावाची. सासूबाईंनी किंमत विचारली. भाच्याने सांगितली. घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाई उठल्या आणि ओट्याखालची त्यांची विळी पुढे ओढून तिच्यावरून हात फिरवला, जणू तिची समजूत काढत होत्या.

आमच्या घरात या एका वस्तूला दोन नावं आहेत. मी विळी म्हणते, त्या ईळिगे म्हणतात. कानाला दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. त्यांचं नातं भाषापंडितांनी ठरवावं. अडकित्त्याचं मात्र ठरलेलंच आहे. सुपारीला कन्नडमध्ये 'अडके' म्हणतात, त्यातूनच आपला अडकित्ता आला. म्हणजे कापण्या-चिरण्याच्या बाबतीत आपण सीमाभागातली माणसं पूर्वीपासून एकमेकांकडून उसनवारी करत आलो आहोत. पण ही जपानी सुरी आणि आपला मुलूख यांच्यातही एक जुना दुवा निघेल, असं मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तो दुवा निघाला तंबाखूचा.

थडगी, बंदुका आणि तंबाखू

ओसाकाला लागूनच दक्षिणेला साकाई नावाचं बंदराचं गाव आहे. आता गाव कसलं, मोठं शहरच आहे. जपानमधले व्यवसायाने स्वयंपाक करणारे लोक ज्या हाताने घडवलेल्या सुऱ्या वापरतात, त्यांतला फार मोठा वाटा या एका शहरातून जातो.

साकाईचं लोखंडाशी नातं दीड हजार वर्षांचं. पाचव्या शतकात तिथे राजेलोकांसाठी प्रचंड समाध्या उभ्या राहिल्या. त्यांतली सगळ्यात मोठी ४८६ मीटर लांब आहे, वरून पाहिली तर कुलुपाच्या किल्लीच्या भोकासारखी दिसते. २०१९ साली युनेस्कोने हा समाध्यांचा समूह जागतिक वारशात घेतला. एवढी माती उपसायची तर कुदळी-फावडी हवीत, ती करायला लोहार हवेत. ते आले आणि राहिले. पुढे तलवारी घडू लागल्या.

मग १५४३ साल उजाडलं. दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटावर एक जहाज लागलं, त्यात पोर्तुगीज होते आणि त्यांच्याकडे बंदुका होत्या. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या तलवार घडवणाऱ्या लोहाराला म्हणाला, अशीच करून दे. काही वर्षांतच साकाईच्या एका व्यापाऱ्याने ती विद्या आपल्या गावात आणली आणि साकाई बंदुकांचं मोठं केंद्र बनलं. त्या काळात पूर्वेकडच्या पोर्तुगीज कारभाराची सगळी सूत्रं आपल्या गोव्यातून हलत होती. जपानला ख्रिस्ती धर्म घेऊन गेलेला फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये निघाला तो गोव्याहूनच, आणि ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला.

पोर्तुगीजांनी बंदुकीबरोबर आणखी एक वस्तू पूर्वेकडे पसरवली. तंबाखू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये तंबाखूची लागवड सुरू झाली. जपानी लोक तो ओढत कसे, तर 'किसेरू' नावाच्या बारीक लांब नळीतून. तिचं तोंड इतकं लहान की चिमूटभरच तंबाखू मावतो, त्यामुळे पान केसासारखं बारीक चिरावं लागतं. ज्यांनी तंबाखूचं वाळलेलं पान हाताळलंय त्यांना सांगायला नको. बोथट पात्याखाली त्याचा चुरा होतो. साकाईच्या लोहारांनी यासाठी खास सुरी घडवली आणि ती इतकी उत्तम निघाली की शोगुनच्या सरकारने तिच्यावर अस्सलपणाचा शिक्का मारायला परवानगी दिली. 'साकाई किवामे', म्हणजे साकाईची पारखलेली वस्तू. त्या शिक्क्याच्या जोरावर ही सुरी देशभर गेली आणि तिच्या मागोमाग साकाईच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही गेल्या.

आता आपल्याकडे वळू. तोच तंबाखू पोर्तुगीजांकडून दख्खनमध्ये उतरला. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता, तिथे त्याने हे नवं पान पाहिलं आणि १६०४ च्या सुमाराला रत्नजडित नळीसकट ते आग्र्याला बादशहापुढे नेऊन ठेवलं. निपाणीच्या तंबाखूबद्दल तर या पानाच्या वाचकांना मी काय सांगावं? ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वखारी होत्या, ज्यांच्या आया-आज्यांनी जर्द्याची धूळ नाकातोंडात घेत दिवस काढले, अशी कितीतरी कुटुंबं आपल्यात आहेत. एकाच पानाने तिकडे एक सुरी घडवली, इकडे एक बाजारपेठ. तंबाखूचं कौतुक करण्यासाठी हे लिहीत नाही. पण माझ्या ओट्यावरच्या सुरीचा खापरपणजोबा तंबाखू चिरत होता, हे कळल्यापासून ती मला तितकीशी परकी वाटत नाही.

उक्कु

पोलादाला कन्नडमध्ये 'उक्कु' म्हणतात हे सासूबाईंकडून मला ठाऊक होतं. या 'उक्कु'वरूनच इंग्रजांनी 'वूट्झ' हा शब्द केला आणि दक्षिण हिंदुस्थानातलं मुशीत वितळवलेलं पोलाद त्याच नावाने जगभर ओळखलं गेलं, हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं. जपानमध्ये सतराव्या शतकातल्या काही तलवारींवर 'नानबान लोखंड वापरून घडवली' असं कोरलेलं आहे. नानबान म्हणजे दक्षिणेकडून आलेले परके. परदेशी जहाजांतून आलेलं हे पोलाद मूळ हिंदुस्थानातलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दुकानदार सांगतात की या सुऱ्या 'सामुराई तलवारीच्या पोलादाच्या' असतात. तसं नाही. तलवारीचं पोलाद, तामाहागाने, शिमाने प्रांतात मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा घालून काढतात. ते थोडं निघतं आणि तलवारकारांनाच पुरवलं जातं. स्वयंपाकाच्या उत्तम सुऱ्यांचं पोलाद कारखान्यात तयार होतं, पण योगायोग असा की त्यातलं सर्वात नावाजलेलं पोलाद त्याच शिमाने प्रांतातल्या यासुगी गावचं. त्याच्या जाती ओळखायच्या त्या गुंडाळलेल्या कागदाच्या रंगावरून. पांढऱ्या कागदाचं, निळ्या कागदाचं, पिवळ्या कागदाचं. 'पांढरा कागद' म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंड आणि कार्बन, दुसरं काही नाही. त्यात साधारण एक ते दीड टक्क्याच्या आत कार्बन असतो. 'निळ्या'त थोडं क्रोमियम आणि टंगस्टन मिसळतात, त्याने धार जास्त टिकते. लोहारांना विचाराल तर बरेच जण पांढऱ्याचं नाव घेतात. त्याला धार पटकन आणि देखणी चढते. पण ते घडवणाऱ्याची परीक्षा पाहतं. ताप थोडा कमी-जास्त झाला की काम फुकट.

तलवारींचा संबंध आहे तो वेगळ्या अर्थाने. १८७६ साली मेइजी सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. तलवारी घडवणाऱ्या शेकडो हातांचं काम गेलं. सेकीसारख्या गावांतल्या, जिथे शेकडो वर्षं तलवारीच होत होत्या, तिथल्या कितीतरी लोहारांनी सुऱ्या, कात्र्या आणि विळे घडवायला घेतले. त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे जपानी माणूस शतकानुशतकं गाईबैलाचं मांस टाळत आला होता. १८७२ साली सम्राटानेच ते खाल्ल्याची बातमी फुटली आणि शहरांत नवी खानपानाची पद्धत आली. तिच्यासाठी पाश्चात्य धर्तीची सुरी आली, ती 'ग्यूतो', शब्दशः गोमांसाची सुरी. घरोघरी भाजीसाठी चौकोनी पात्याची 'नाकिरी' होतीच. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला या दोघींचं लग्न लागलं आणि 'सांतोकू' जन्मली. सांतोकू म्हणजे तीन गुण असलेली. भाजी, मासे आणि मांस, तिन्ही कापणारी. माझ्याकडे आली ती हीच.

एका सुरीला चार घरं

साकाईत एक माणूस पूर्ण सुरी करत नाही. लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा आणि हे सगळं जुळवून आणणारा घाऊक व्यापारी वेगळा. प्रत्येक जण जन्मभर आपलंच काम करतो.

लोहार मऊ लोखंडाची पट्टी तापवतो, तिच्यावर कडक पोलादाचा तुकडा ठेवतो, मध्ये टाकणखारासारखी पूड भुरभुरतो आणि पुन्हा तापवून घणाखाली धरतो. पट्ट्यावर चालणारा यांत्रिक घण असतो, पण पट्टी फिरवणारा हात आणि रंग ओळखणारा डोळा माणसाचाच. दोन धातू एकजीव होतात. मासे कापण्याच्या खास सुऱ्यांमध्ये पोलाद एकाच अंगाला असतं, भाकरीच्या एका बाजूला लोणी लावावं तसं. सांतोकूत ते मध्ये असतं, पुरणपोळीतल्या पुरणासारखं, दोन्हीकडून मऊ लोखंड. नुसतं कडक पोलाद काचेसारखं तडकतं आणि त्याला धार लावतानाही जीव जातो. मऊ लोखंड त्याला सांभाळून घेतं. (एकाच अखंड पोलादाची 'होनयाकी' सुरीही असते. ती पाण्यात बुडवताना तडकण्याची भीती फार, त्यामुळे ती करणारे थोडे आणि घेणारे त्याहून थोडे.)

घडलेलं पातं गवताच्या राखेत पुरून सावकाश निवू देतात. मग थंड अवस्थेत ठोकून सरळ करतात, चिखलाचा पातळ लेप देतात आणि शेवटचा ताप देतात, आठशे अंशांच्या आसपास. या वेळी खोलीत अंधार करतात. लाल रंगाची नेमकी कोणती छटा आली हे उजेडात कळत नाही. छटा आली की पातं पाण्यात. त्या एका क्षणात पोलाद कडक होतं. पुढे हलकासा ताप देऊन त्याचा ठिसूळपणा काढतात. साध्या जर्मन धाटणीच्या सुरीचा कडकपणा रॉकवेल मापाने ५६-५८ च्या घरात असतो, या सुऱ्यांचा ६० ते ६५. आकडा लहानसा दिसतो, पण त्याचा अर्थ असा की धार अधिक तिरपी, अधिक पातळ काढता येते आणि ती दुमडत नाही.

मग धारवाला. तो मोठ्या फिरत्या दगडासमोर बसतो, दगडावर पाणी सुटलेलं, पातं लाकडाच्या ठोकळ्याला अडकवून दोन्ही हातांनी दगडावर दाबलेलं. एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवरून पातं जातं. मऊ लोखंडाचा भाग शेवटी धुक्यासारखा करडा दिसतो आणि पोलादाची कड आरशासारखी. त्या करड्या रंगावरूनच या जातीला 'कासुमी' म्हणतात, म्हणजे धुकं. माशाच्या सुरीची आतली बाजू सपाट नसते, किंचित खोलगट कोरलेली असते. तेवढ्यानेच कापलेला काप पात्याला चिकटून बसत नाही.

मूठ बसवणारा पात्याची शेपटी लालबुंद तापवतो आणि लाकडी मुठीत घुसवतो. लाकूड आतून जळतं आणि शेपटीच्या मापाची जागा तयार होते. पुढे मूठ खराब झाली की काढून नवी बसवायची. पातं तेच.

एक बाजूच्या धारेच्या सुऱ्यांचा प्रकार सांगायला बसलं तर पान पुरणार नाही. कच्च्या माशाचे काप एकाच ओढीत काढणारी लांब 'यानागिबा', विलोच्या पानासारखी. माशाचं डोकं तोडणारी जाड 'देबा'. तिचं नाव म्हणे साकाईच्या एका पुढे दात आलेल्या लोहारावरून पडलं. भाजीची 'उसुबा', जिने मुळ्याची सलग, कागदासारखी पातळ पट्टी उलगडत नेतात. या सगळ्या उजव्या हातासाठी. डावखुऱ्याला वेगळी करून घ्यावी लागते आणि पैसेही जास्त मोजावे लागतात. आमच्या पिढीत डावखुऱ्या मुलीला विळीवर बसवताना काय काय ऐकवलं जायचं ते मला आठवतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गुळाची ढेप

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

पहिले आठ दिवस मी ती सुरी फक्त पाहिली. नवव्या दिवशी कांदा चिरला. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं ते त्याच्या पेशी चिरडून बाहेर पडणाऱ्या वायूमुळे. बोथट सुरी चिरडते, धारदार सुरी कापते, त्यामुळे वायू कमी सुटतो. हे वाचलं होतं. तरी पाच कांदे चिरून डोळे कोरडे राहिले तेव्हा मी दोनदा आरशात पाहिलं. कोथिंबीर संध्याकाळपर्यंत काळी पडली नाही. माझा विश्वास वाढला, आणि विश्वास वाढला की माणूस चुकतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गुळाची ढेप फोडायची होती, बत्ता सापडेना, मी सुरी घेतली. टक् असा बारीक आवाज आला. पात्याच्या कडेतून अर्ध्या तांदळाएवढा टवका उडाला होता.

कडक पोलादाचा हाच स्वभाव. ते वाकत नाही, तुटतं. नारळ, हाड, गोठवलेला मासा, गुळाची ढेप, यांच्यासाठी ही सुरी नाहीच. त्यासाठी आपला कोयता बरा. पात्याने ओट्यावरची भाजी खरवडून कढईत लोटायची आपली सवयही तिला सोसत नाही. सुरी उलटी करून पाठीने लोटायची.

दुसऱ्या दिवशी गल्लीत धारवाला आला. सायकल उभी करून पायडलवर दगडी चाक फिरवणारा, बारा वर्षांपासून ओळखीचा. आमच्या सगळ्या कात्र्या-सुऱ्या त्याच्याच हातच्या. मी सुरी पुढे ठेवली. त्याने उचलली, उन्हात धरली, नखावर कड टेकवून पाहिली, कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग परत खाली ठेवली.

"अक्का, हे माझ्या चाकाचं काम न्हवं. चाक कोरडं. ठिणगी उडंल, पातं तापंल, पाणी उतरंल त्याचं. कुणी केलंय हे? बेस केलंय."

पाणी उतरणं म्हणजे दिलेला कडकपणा जाणं. पैसे मिळत असताना त्याने काम नाकारलं. मी चहा दिला, तो पायरीवर बसून प्याला. मुलगा हे काम शिकला का, विचारलं. मुलगा उद्यमबागेत सीएनसी यंत्रावर आहे, पगार वेळेवर होतो, कशाला शिकेल, म्हणाला. त्यात रागही नव्हता आणि खंतही नव्हती.

साकाईतही हेच आहे. १९८२ साली जपान सरकारने साकाईच्या सुऱ्यांना पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. २०१३ साली जपानी आहारपद्धतीला युनेस्कोची मोहर मिळाली, परदेशातले आचारी या सुऱ्यांच्या मागे लागले, येन स्वस्त झाल्यावर पर्यटक पेट्या भरून नेऊ लागले. मागणी आहे, पण घडवणारे म्हातारे होत आहेत. लोहारकाम अंगात मुरायला दहा वर्षं लागतात असं तिथे म्हणतात आणि दहा वर्षं उकाड्यात, आवाजात उमेदवारी करायला तयार असलेली पोरं थोडी. धार काढणाऱ्यांचं काम तर त्याहून कष्टाचं आणि नाव पात्यावर येतं ते दुसऱ्याचंच. अलीकडे काही ठिकाणी मुली आणि परदेशी तरुण शिकायला येऊ लागले आहेत. चार घरांपैकी एक घर बंद पडलं तरी बाकीची तीन थांबतात, हा त्या पद्धतीचा धोका.

नवमी

जपानीत सुरीला 'होचो' म्हणतात. हा शब्द मूळ एका चिनी आचाऱ्याच्या नावाचा. च्वांग त्झूच्या ग्रंथात त्याची गोष्ट आहे. हा आचारी एकोणीस वर्षं तीच सुरी वापरून बैल कापत होता आणि तिला नव्यासारखी धार होती, कारण तो हाडावर कधी घाव घालत नसे, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून पातं नेत असे. गुळाच्या ढेपेनंतर मला ही गोष्ट फारच पटली.

जपानी लोहार ८ नोव्हेंबरला भात्याचा सण करतात. त्या दिवशी भट्टी बंद. भाता पुसून त्याची पूजा होते, पूर्वी मुलांना संत्री वाटत असत. आपली खंडेनवमी, कन्नडमधली आयुधपूजा, याहून वेगळी ती काय? आमच्या घरी त्या दिवशी पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, मोटारीची किल्ली आणि मुलाचा संगणक असं सगळं एका ओळीत हळदकुंकू लावून बसतं.

घ्यायची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. भाजीभाकरीच्या घराला सांतोकू किंवा नाकिरी, सोळा-अठरा सेंटिमीटरची, एवढी पुरे. साधं कार्बनचं पोलाद चिंच, आमसूल, लिंबू, कैरी यांना लगेच काळवंडतं. लोखंडी विळीवर वांगं किंवा कच्चं केळं चिरलेल्यांना हे नवीन नाही. वापरली की लगेच धुऊन पुसायची, पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात द्यायचा. तिकडे कॅमेलियाचं तेल लावतात. एवढं जमणार नसेल तर गंज न चढणाऱ्या पोलादाची घ्यावी. 'व्हीजी-१०' नावाचं पोलाद त्यासाठी प्रसिद्ध आहे. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली म्हणून भुलू नये. खऱ्या नक्षीत पोलादाचे थर असतात, बाजारात नुसती छापलेलीही मिळते. आणि ज्या पैशात सुरी घ्याल त्यातले थोडे धार लावायच्या दगडासाठी बाजूला ठेवा, नाहीतर वर्षभरात ती इतर सुऱ्यांसारखीच होईल.

दगड मला भाच्याने पाठवला. टवक्यासाठी चारशे नंबरचा, मग हजारचा, मग तीन हजारचा. पाण्यात भिजवायचा, ओट्यावर ओल्या फडक्यावर ठेवायचा. सुरी इतकीच तिरपी धरायची की पाठीखाली दोन नाणी मावावीत. मग न घाबरता, न घाई करता घासायचं. दगडावर करडा गाळ साचतो, सहाणेवर चंदन उगाळावं तसा. तो धुऊन टाकायचा नाही, तोच काम करतो. थोड्या वेळाने पात्याच्या दुसऱ्या अंगाला बोटाला एक बारीक काठ लागतो. तो लागला की पातं उलटायचं. टवका जायला मला तीन रविवार लागले.

या तीन रविवारांत सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून असायच्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे विळीवर बसणं चार वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. बोटांचे सांधे आखडलेले, त्यामुळे ओट्याशी उभं राहून आमच्या साध्या सुरीने चिरणंही होत नव्हतं. जोर लावावा लागे, सुरी घसरे. एकदा बोट चांगलंच कापलं आणि मी त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली. स्वयंपाकघरातून त्या अशाच एकेका कामाने बाहेर पडत गेल्या होत्या, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं हे कबूल करते.

तिसऱ्या रविवारी मी कागदाचा तुकडा धरून सुरी फिरवली. कागद आवाज न करता दुभंगला. त्यांनी हात पुढे केला. मी सुरी खाली ठेवली, त्यांनी उचलली. खुर्ची टेबलाशी ओढली, फळी घेतली आणि राजगिऱ्याची जुडी मागितली. मी काही बोलले नाही, नुसती जवळ उभी राहिले. जोर लागत नव्हता. सुरी आपल्याच वजनाने खाली जात होती. जुडी चिरायला त्यांना पाऊण तास लागला आणि त्या सगळ्या वेळात त्यांनी मला तिथून हलवण्यासाठी दोनदा गॅसवर दूध आहे का ते बघायला पाठवलं.

ओट्याखालची विळी अजून आहे. त्यांच्या माहेरच्या गावात घिसाड्यांची पालं पडायची, तेव्हा त्यांच्या आईने ती समोर बसून करून घेतली होती. नारळ खवायला आम्ही तीच घेतो, ते काम जपानी सुरीला येत नाही. सुरीला मी महिन्यातून एकदा दगडावर धरते. सासूबाईंना दिसायला कमी झालं आहे, त्यामुळे गाळ किती साचला ते त्यांना कळत नाही, पण आवाज कळतो. घासण्याचा सूर बारीक झाला की त्या देवघरातून विचारतात, "हरित आतेनु?"

झाली, सासूबाई. भाजी आणते.